कोनाचा होय रे तू?

पातूरला रेल्वे नाही. अकोल्याहून वाशीम, हिंगोली करत नांदेडकडे जाणारा रस्ता तीस-पस्तीस किलोमीटरवर पातूर गाठतो आणि तिथून पुढे घाट चढायला लागतो. जुन्या वऱ्हाडाचे दोन तुकडे इथे एकमेकांना भिडतात. खाली काळ्या मातीचा, कपाशीचा पायनघाट आणि वर वाशीमकडचा बालाघाट. डोंगराच्या अंगात कोरलेली लेणी सांगतात, की या वाटेवरून माणसं हजार-दीड हजार वर्षांपूर्वीही जात-येत होती. आज त्याच वाटेवर एसटी धावते, ट्रक धावतात आणि रात्री पुण्याकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्स निघतात.

त्या ट्रॅव्हल्समध्ये बसलेल्या एखाद्या पोराच्या बॅगेत काय असतं, हे कोणीही सांगू शकेल. आयटीआयची मार्कशीट, आधार कार्डाच्या चार-पाच झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो, आईने बांधून दिलेल्या पोळ्या आणि ठेच्याची डबी. फिटरचा किंवा वेल्डरचा ट्रेड केला असेल, तर पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत कोणीतरी आपल्याला विचारेल, ‘काय काय येतं तुला?’ अशी त्याची समजूत असते. उत्तरही तयार असतं. पण दोन दिवस गेट ते गेट हिंडल्यावर त्याच्या लक्षात येतं, की पहिला प्रश्न तो नाहीच. पहिला प्रश्न असतो, ‘कोणाच्या ओळखीने आलास?’ दुसरा प्रश्न असतो, ‘पुण्यात आधी कुठे काम केलंय?’

खरं तर त्याला नवल वाटायला नको. वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात अनोळखी पोरगं दिसलं, की पारावरचा म्हातारा हेच विचारतो, ‘कोनाचा होय रे तू?’ त्यात नाव विचारलेलं नसतं. बापाचं नाव, गाव, आडनाव, पाहुणा कोणाकडचा, हे सगळं त्या चार शब्दांत आलेलं असतं. उत्तर देताना पोराने एखादं ओळखीचं नाव घेतलं, की म्हाताऱ्याचा चेहरा सैल होतो. चाकणच्या ठेकेदाराचा प्रश्न याच म्हाताऱ्याचा आहे, फक्त भाषा वेगळी. ‘स्थानिक अनुभव’ म्हणून जो मागितला जातो, त्यात कौशल्याचा भाग थोडा आणि हमीचा भाग मोठा असतो. याआधी कोणीतरी या माणसाला ठेवून घेतलं होतं आणि पस्तावला नव्हता, एवढंच मागणाऱ्याला कळून हवं असतं.

एक गंमत अशी, की वऱ्हाड स्वतः एके काळी बाहेरच्यांना काम देणारा मुलूख होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कपाशीला अचानक भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. अकोला त्याच मार्गावर होतं. व्यापारी आले, अडते आले, घाटावरून आणि निजामाच्या मुलखातून मजूर उतरले. त्यांच्यातल्या कोणाकडे रेचा चालवण्याचा अनुभव असणार होता? वाफेवरची जिनिंगची यंत्रंच नवी होती. काम इतकं होतं, की अनुभव विचारायला कोणाला सवड नव्हती. मजुराची गरज वाढली की अटी आपोआप गळून पडतात आणि गरज आटली की त्याच अटी पुन्हा उगवतात. हे चाकणला जितकं खरं आहे, तितकंच १८६५च्या अकोल्यात होतं.

शेतात आजही तेच दिसतं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन सोंगणीला येतं आणि गावात मजूर मिळेनासा होतो. पाठोपाठ कापूस वेचणी लागते. मेळघाटातून, म्हणजे धारणी-चिखलदऱ्याकडून, कोरकू कुटुंबं लेकराबाळांसह खाली उतरतात. सोंगणीचा ठेका एकरावर ठरतो, वेचणीचा भाव किलोवर. इथे कोणी प्रमाणपत्र मागत नाही. पण ओळख मागितली जातेच. टोळीला एक म्होरक्या असतो. शेतकऱ्याचा व्यवहार त्याच्याशी. टोळीतल्या नव्या पोराला शेतकरी ओळखत नाही, ओळखायची गरजही नसते. तो पळाला, त्याने पीक नासलं, उचल बुडवली, तर म्होरक्या आहे. पुढे सालदारीचा व्यवहार पाहिला तर हमी आणखी घट्ट होते. पाडवा-अक्षय तृतीयेच्या सुमारास वर्षाचा करार होतो, तो केवळ हाताच्या कामाचा नसतो. बैल, गोठा, रात्रीचं ओलित, घराच्या किल्ल्या असं सगळं त्या माणसाच्या भरवशावर सोडायचं असतं. म्हणून नवख्याला सालाने ठेवताना शेतकरी चार ठिकाणी विचारून घेतो.

या विषयावर बोलताना एक फार मोठा समूह नेहमी सुटतो. २०११च्या जनगणनेने देशात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले. त्यात सगळ्यात मोठा वाटा बायकांचा आणि त्यांच्या स्थलांतराचं मुख्य कारण लग्न. लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेली शेतमजूर बाई ही कागदोपत्री ‘काम शोधणारी स्थलांतरित’ ठरत नाही. प्रत्यक्षात तिची अवस्था अगदी तीच असते. माहेरी ती निंदणाला, वेचणीला पहिल्या नंबरची असेल, दिवसाला इतरांपेक्षा जास्त कापूस वेचत असेल. सासरच्या गावात त्याला किंमत शून्य. इथल्या टोळीत तिला आधी शिरकाव हवा. तो सासू करून देते, जाऊ करून देते, नाहीतर शेजारीण. पहिल्या दिवशी तिची पात मागे पडते का, डबा सोडल्यावर ती किती वेळ घेते, बोलते कशी, हे टोळीतल्या बाया डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असतात. चार दिवसांनी निर्णय झालेला असतो. तो कोणी तोंडाने सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक येते किंवा येत नाही. जगातली कुठलीही नोकरीची मुलाखत याहून कडक नसावी.

अकोल्यात, अमरावतीत, नागपुरात सकाळी चौकाचौकात उभी असणारी माणसं हा या कथेचा शहरी भाग. मुंबईत त्याला नाका म्हणतात, पुण्यात मजूर अड्डा, नागपूरकडे ठिय्या. आठच्या आत यायचं, दहापर्यंत वाट बघायची. इथे बायोडाटा हातात असतो, म्हणजे अक्षरशः हातात. थापी आणि ओळंबा घेऊन उभा असलेला गवंडी, पिशवीतून ब्रश डोकावणारा रंगारी, घमेलं घेतलेली बाई. हत्यार जुनं आणि वापरलेलं असेल, तर माणूस कामाचा, एवढं गिऱ्हाइकाला कळतं. कोरी करकरीत थापी घेऊन उभं राहिलेल्याला बिगारीचा रोज सांगतात. म्हणून अनुभवी मजूर नवख्या गाववाल्याला सुरुवातीला आपल्याबरोबर ‘हाताखाली’ नेतो. सहा-आठ महिने विटा-माल देत देत पोरगं शिकतं आणि एके दिवशी चौकात स्वतःची थापी घेऊन वेगळं उभं राहतं. शिकवणीची फी असते ती अर्ध्या रोजाच्या रूपात, पण तिची पावती कुठेच नसते.

पावती नसण्याचा तोटा सरकारी दारात कळतो. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून त्यातून मजुरांना मदत द्यायची, अशी त्याची मांडणी. महाराष्ट्रात त्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे. मुलांना शिष्यवृत्ती, अपघातात मदत अशा योजना आहेत. नोंदणीची अट मात्र अशी, की वय १८ ते ६० असावं आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असावा. एकाच बिल्डरकडे काम करणाऱ्याला हे सोपं. ठिय्यावरच्या माणसाने ९० दिवसांत चाळीस मालक पाहिलेले असतात. कोणाची भिंत, कोणाचं प्लास्टर, कोणाचा संडास. यांच्यातला दाखला देणार कोण? ग्रामसेवकाचा किंवा नगरपालिकेचा दाखला चालतो, पण नव्या गावात ग्रामसेवक तरी याला कुठे ओळखतो! शेवटी तोच म्हाताऱ्याचा प्रश्न सरकारी शिक्क्यासह समोर येतो.

ओळखीवर चालणारी ही पद्धत सगळ्यात ठसठशीत दिसली ती मुंबईच्या गिरणगावात. पहिली कापड गिरणी कावसजी दावरांनी १८५४ साली स्थापली आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ-लालबागचं रूप बदललं. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर इथून माणसं आली. त्यांच्यातल्या कोणाला माग चालवता येत नव्हता, म्हणजे यंत्रावरचा माग. भरती मालक करत नसे, जॉबर करत असे. तो खात्याचा मुकादम. बायकांच्या खात्यात तेच काम नायकीण करी. जॉबर आपल्या गावची, नात्यातली, जातीतली माणसं आणी. त्यांना खोली मिळवून देई, उधारी मिळवून देई आणि वेळेला कामावरूनही काढी. गावकीच्या एका खोलीत पाळ्या लावून पंधरा-वीस जण झोपत. नवं पोरगं जेवणाच्या सुट्टीत काकाच्या मागावर हात बसवून घेई. गिरणीच्या हिशेबात ते पोरगं अजून आलेलंच नसे.

नंतरची पायरी ‘बदली’ची. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी दिवसापुरता घेतलेला माणूस म्हणजे बदली. पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर परत खोलीवर. कोणाला पुकारायचं हे जॉबरच्या हातात, त्यामुळे त्याचे हात ओले करावे लागत. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने, म्हणजे हिंदुस्थानातल्या कामगारांविषयीच्या शाही आयोगाने, जॉबरच्या या लाचखोरीवर स्पष्ट लिहिलं. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कार्डाची पद्धत आणली. ठरावीक लोकांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड द्यायचं आणि गरज पडेल तेव्हा त्यांच्यातूनच घ्यायचं. माणसाच्या ओळखीच्या जागी कागदाची ओळख आणण्याचा हा आपल्याकडचा जुना प्रयोग. जॉबरचा जोर त्याने एकदम गेला नाही, पण बदलीला निदान हातात धरता येईल असं काही मिळालं.

ओळखीच्या या दोराची एक काळी बाजू होती. विणखात्यात पगार चांगला. पण धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढावा लागे आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. हे कारण पुढे करून दलित कामगारांना विणखात्याबाहेर ठेवलं गेलं. हात शिकलेला असो वा नसो, प्रवेशच नाही. १९२८च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ‘अनुभव नाही’ म्हणून विणखात्यात घेत नाहीत आणि घेत नाहीत म्हणून अनुभव नाही, असं हे वर्तुळ होतं. आजच्या बेकार पदवीधराला ते ओळखीचं वाटेल. फक्त त्या काळी त्याला जातीचं कुंपण उघडपणे घातलेलं होतं.

आज ते उघड नसतं, एवढाच फरक काही ठिकाणी पडला आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात हे मूळचे अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना ४,८०० हून अधिक अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण, पात्रता सारखी. फरक फक्त आडनावाचा. अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश निघाली. अर्ज वाचणाऱ्याने ‘कोनाचा होय रे तू?’ हे तोंडाने विचारलं नव्हतं. त्याने आडनाव वाचलं होतं.

दुसरा एक अभ्यास मुंबईतल्या दादरचा आहे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरमधल्या हजारो मराठी कुटुंबांची माहिती गोळा केली आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. ज्या जातींतल्या पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीने गिरणीत, गोदीत, कारखान्यात कामं मिळत आली, त्या घरांतली मुलं उदारीकरणानंतरही मराठी माध्यमातच राहिली आणि त्याच वळणाच्या कामांकडे गेली. मुलींना मात्र अशी ओळखीची साखळी कधी मिळालीच नव्हती; कोणी काका त्यांना गिरणीत लावणार नव्हता. त्या झपाट्याने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. ओळख नव्या माणसाला दारात उभं करते हे खरं. कुठल्या दारात, हेही तीच ठरवते. मेव्हणा प्रेस शॉपमध्ये असेल तर पोरगं प्रेस शॉपमध्येच लागतं, मग त्याने ट्रेड इलेक्ट्रिशियनचा केलेला असो.

म्हणूनच कदाचित लांबची ओळख जास्त उपयोगी पडते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांना विचारलं, की नोकरी कळली कशी? निम्म्याहून अधिक लोकांना ती ओळखीतून कळली होती आणि ती ओळख बहुतेकदा जिवलगाची नव्हती. क्वचित भेटणारा, जुना, अर्धवट ओळखीचा माणूस. कारण उघड आहे. आपल्या खोलीतल्या सहा पातूरकरांना जे ठाऊक आहे, तेच आपल्यालाही ठाऊक असतं. सातवा, खानावळीत समोर बसणारा लातूरचा पोरगा, वेगळ्या कंपनीची बातमी आणतो.

आता पुन्हा चाकणकडे. चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात आज जॉबरच्या जागी ठेकेदाराचं ऑफिस आहे. पोरं ‘कॉट बेसिस’वर राहतात, मेसमध्ये जेवतात, व्हॉट्सॲपवर ‘अर्जंट हेल्पर पाहिजे’ असे संदेश फिरत असतात. कंपनीच्या गेटवर ‘फ्रेशर’ म्हणून कोणी उभं करत नाही, पण ठेकेदार घेतो, कारण त्याला माणसं मोजून द्यायची असतात. पोरगं लाइनवर उभं राहतं, काम शिकतं आणि काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. मग दुसरा ठेकेदार, दुसरी कंपनी आणि पुन्हा ‘नवीन’. पाच वर्षं काम करूनही हातात अनुभवाचं एक पत्र नाही, अशी पोरं त्या पट्ट्यात भेटतात. या गर्दीत रजिस्ट्रेशन फी घेऊन नोकरीचं आमिष दाखवणाऱ्या कन्सल्टन्सींचंही चांगलं चालतं. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही, हे गावातून निघतानाच पोरांना कोणीतरी सांगायला हवं.

स्थानिक कोण, हा प्रश्न इथे गमतीदार होतो. महाराष्ट्र सरकारचं धोरण असं, की उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या, पर्यवेक्षक पातळीवर ५० टक्के, स्थानिकांना द्याव्यात. आणि स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षांचा रहिवास असलेला. या व्याख्येने पातूरचा पोरगा चाकणमध्ये शंभर टक्के स्थानिक. पण ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या, त्या आसपासच्या गावांच्या लेखी तो ‘तिकडचा’, विदर्भातला. त्याच्या बोलण्यातला ‘न’ आणि ‘होय’ ऐकताच तो ओळखू येतो.

मात्र हे ‘तिकडचा’ असणं प्रत्येक वेळी तोट्याचंच असतं असं नाही. ठेकेदारांना लांबची पोरं का आवडतात, याचं उत्तर सरळ आहे. गावची जत्रा, चुलतभावाचं लग्न, पेरणी यांसाठी ती आठवड्यातून उठून जात नाहीत. जादा पाळीला नाही म्हणत नाहीत. भांडायला त्यांच्यामागे गाव नसतं. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेत हेच पाहिलं. बार्डोलीच्या साखर कारखान्याचा ऊस तोडायला खानदेशातून टोळ्या येत आणि त्याच शिवारातले हळपती मजूर रिकामे बसत. ऊस तोडण्याचा अनुभव हळपतींना नव्हता म्हणून नव्हे. बाहेरचा माणूस पालात राहतो, रात्रीही गाडी भरतो आणि हंगाम संपला की जातो, म्हणून. तेव्हा ‘स्थानिक अनुभव हवा’ म्हणणारा आणि ‘स्थानिक नको’ म्हणणारा हे बरेचदा एकच असतात. अटीची दिशा कामाच्या दर्जावर ठरते. खुर्चीवरचं काम असेल तर अनुभव हवा, अंगमेहनतीचं असेल तर लांबचा हवा.

आणि हे काही फक्त आपल्याकडचं नाही. पुण्या-नागपूरचे इंजिनिअर कॅनडात गेले, की त्यांना भेटणारं पहिलं वाक्य म्हणजे ‘कॅनडातला अनुभव नाही.’ बारा वर्षं पूल बांधलेला माणूस गोदामात खोकी उचलतो, रात्री टॅक्सी चालवतो. फिलिप ओरिओपोलस या टोरांटोच्या अर्थतज्ज्ञाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजारो बनावट अर्ज पाठवून दाखवलं, की परदेशातला अनुभव आणि भारतीय, चिनी, पाकिस्तानी नाव यांमुळे बोलावणी लक्षणीय घटतात. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली ही अट वरवर पाहताच भेदभावाची ठरते, अशी भूमिका घेतली. १ जानेवारी २०२६ पासून त्या प्रांतात २५ किंवा अधिक माणसं असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत ‘कॅनडातला अनुभव’ मागता येत नाही. जाहिरातीतून शब्द काढता येतो. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून काढायला कायदा कितपत पुरतो, ते पुढे दिसेल.

आपल्याकडे सरकारने उलटी वाट धरली. अनुभवाची अट काढायची नाही, अनुभव द्यायचा. जुलै २०२४ मध्ये राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. नंतर ती आणखी पाच महिने वाढवली. कंपन्यांपेक्षा सरकारी कार्यालयांत, शाळांत, ग्रामपंचायतींत पुष्कळ पोरं लागली. मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. त्यात त्यांचं काय चुकलं? तालुक्याच्या कार्यालयात अकरा महिने टपाल नोंदवल्याचा अनुभव रांजणगावच्या गेटवर चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यापेक्षा १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची अप्रेंटिसशिप पोरांना जास्त कामी येते. तिथे काम खऱ्या यंत्रावर असतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, जे कुठल्याही जिल्ह्यात चालतं. आयटीआय न करता हात शिकलेल्या गवंड्या-वेल्डरसाठी कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वकौशल्याची मान्यता’ देण्याची सोय आहे. चाचणी द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. ठिय्यावर उभ्या असलेल्या किती जणांच्या कानावर ती गेली आहे, हे एखाद्या सकाळी चौकात विचारून बघण्यासारखं आहे.

आणि एक कागद असा आहे, जो बहुतेक पोरांकडे असूनही त्यांना त्याची किंमत ठाऊक नसते. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला बारा आकड्यांचा एक कायम क्रमांक, यूएएन, मिळतो. ठेकेदार बदलला तरी तो बदलायचा नसतो. त्या खात्याच्या नोंदीत कोणत्या आस्थापनेने, कोणत्या महिन्यात किती रक्कम भरली, हे सगळं राहतं. म्हणजे ठेकेदाराने अनुभवाचं पत्र दिलं नाही, तरी पासबुक सांगतं की हा माणूस अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत पुण्यात कामावर होता. प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे नवा क्रमांक काढून घेणाऱ्या पोराची पाच वर्षं पाच तुकड्यांत विखुरतात. जुना क्रमांक धरून राहणाऱ्याची पाच वर्षं एकाच पासबुकात ओळीने दिसतात.

कागद नसलेल्यांचं मात्र अजून जुन्याच रीतीने चालतं. फाल्गुनात होळी जवळ आली, की मेळघाटातल्या टोळ्या हिशेब करून घराकडे निघतात. होळीला कोरकू माणूस परमुलखात राहत नाही. निघताना शेतकरी टोळीतल्या एखाद्या नव्या पोराला हाक मारून थांबवतो, त्याचा मोबाइल नंबर मागतो आणि स्वतःच्या फोनमध्ये घालतो. पोराचं नाव त्याला धड आठवत नसतं. तो गावाचं नाव टाकतो, पुढे ‘सोंगणी’ लिहितो आणि विचारतो, ‘दसऱ्याले येशीन ना?’